चिंधी बांधलेल्या मिरच्या

मी आयुष्यात एकच वंश बुडवला, आणि तो मिरचीचा होता.

तसा माझा मिरचीशी काही दावा नव्हता. मी बल्लारपूरची. आमच्याकडे मिरची बाजारातून यायची, पाव किलोत आठवडा निघायचा, आणि ती कुणाची कोण हे विचारायची पद्धत नव्हती. नव्वदीच्या शेवटी-शेवटी लग्न होऊन मी वडशापासून दोन कोसांवरच्या एका धानाच्या गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मिरचीलाही माहेर असतं, आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली घ्यायचा असतो. निदान आमच्या घरी तरी.

सासूबाईंना सगळं गाव 'बाई' म्हणायचं. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, तेही बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बाईंच्या घरामागच्या बाडीत, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली मिरचीची सात झाडं होती. फक्त सात. मिरची बोटभर लांब, जाड सालीची, टोकाला बोथट. तिखट म्हणाल तर तिखट, नाही म्हणाल तर नाही! जिभेला जरासा चटका बसायचा आणि पुढचा घास घ्यावासा वाटायचा. तिचं लोणचं व्हायचं, भरली मिरची व्हायची. आणि थंडीत बाई तिला उभी चीर देऊन, मीठ-जिरं भरून, रात्री आंबट दह्यात बुडवून, दिवसा उन्हात पसरून आठ-दहा दिवसांत अशी काही वाळवत की वर्षभर खिचडीसोबत तळून खावी. त्या दह्यातल्या मिरच्यांचे डबे सगळ्या नात्यात जायचे.

पण बी? बी नाही. कुणी बी मागितलं की बाई दह्यातल्या मिरच्यांचा दुसरा डबा देत. "खा नं बाप्पा पोटभर, पन बेणं नको मांगू." सख्ख्या बहिणीलाही दिलं नव्हतं. ती बिचारी एकदा उष्ट्या ताटातल्या बिया पदरात बांधून घेऊन गेली होती म्हणे. (तळलेल्या बिया. उगवणार कशाच्या!)

आता झालं असं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि त्या निमित्तानं ओळखीचे-बिनओळखीचे सगळे पाहुणे. लग्नानंतरची माझी पहिलीच मंडई चार दिवसांवर आली आणि मुलचेऱ्याहून निरोप आला की नणदेचे दिवस भरत आले, लवकर या. बाईंना जावं लागलं. जाताना त्यांनी मला गाय कशी पिळायची ते सांगितलं, धानाच्या कोठीची किल्ली दिली, मांजरीपासून दही कसं राखायचं ते सांगितलं. मिरच्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. आता वाटतं, त्यांनी तरी काय सांगावं? जाताना 'घराचं छप्पर काढून विकू नको' असंही कुणी सुनेला सांगून जात नाही.

मंडईच्या दिवशी मी पाच पाहुण्यांचा स्वयंपाक केला. अकरा वाजता बैलगाडी थांबली आणि चौदा उतरले.

"सुनबाई, आमचं काही टेन्शन घेऊ नको," त्यातले एक काका पाय धुता धुता म्हणाले. "भात अन् काहीतरी भरलं-तळलं असलं तं झालं."

भरलं-तळलं! मी टोपली घेऊन बाडीत पळाले. सात झाडांवर हिरव्या मिरच्या होत्याच, पण माझी नजर गेली ती दुसरीकडेच. प्रत्येक झाडावर तीन-तीन मिरच्या अशा होत्या की बघत राहावं. सगळ्यांत लांब, सगळ्यांत सरळ, पिकून लालबुंद. आणि त्या प्रत्येकीच्या देठाला जुन्या लुगड्याची एकेक चिंधी बांधलेली! मला भरून आलं. मी म्हटलं, काय ही सासू! जाता जाता पाहुण्यांसाठी उत्तमातल्या उत्तम मिरच्या निवडून खुणा करून गेली, आणि सांगितलंसुद्धा नाही!

मी एकवीसच्या एकवीस तोडल्या. चिंध्या सोडून उकिरड्यावर टाकल्या. मिरच्यांना चिरा दिल्या, आणि पाहुण्यांना तिखट लागू नये म्हणून (केवढी ही काळजी!) आतल्या बिया चमच्यानं खरवडून काढल्या. एक बी ठेवली नाही. बेसन, तीळ, ओवा, आमचूर भरून तळल्या. बियांचं काय करायचं? केराची टोपली अंगणात होती, चूल समोर होती. टाकल्या चुलीत!

पुढच्या मिनिटाला चौदा माणसं खोकत अंगणात. मी खोकतेय, गाय खोकतेय. काकांनी डोळे पुसत निर्वाळा दिला, "एवढा ठसका आला म्हन्जे घराले कोनाची नजर नाई."

जेवणं झाली. मिरच्यांची अशी तारीफ झाली की मी संध्याकाळपर्यंत हवेत होते. भांडी घासायला मागे बसले, तर कुंपणापलीकडून शेजारच्या गिरजाबाईंनी मान काढली. गिरजाबाई म्हणजे आमच्या घराचं अर्धं कुंपण. त्यांची मान नेहमी आमच्याच बाजूला असायची.

"सुनंदा, हे चिंध्या काऊन पडल्या वो उकिरड्यावर?"

"मिरच्यांना होत्या, गिरजाबाई. सोडून टाकल्या."

"अन् मिरच्या?"

"पाहुण्यांना भरून वाढल्या."

गिरजाबाई दोन्ही हात डोक्यावर ठेवून कुंपणाशी खाली बसल्या. मला त्या दिसेनाशा झाल्या, नुसता आवाज आला.

"अवो माय वो! बेण्याच्या होत्या त्या! चिंधी बांधली म्हन्जे हात नाई लावाचा! लेकरालेबी समजते!"

लेकरांना समजतं. बल्लारपूरच्या बी.ए.ला समजलं नव्हतं.

मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते बैलांना चारा घालत होते. हातातली पेंडी तशीच राहिली. पण माणूस स्वभावानं आशावादी. (धानाची शेती करणाऱ्याला दुसरा स्वभाव परवडत नाही.) म्हणाले, "झाडं हायेत नं? फुलं हायेत नं? नव्या लागतीन, पिकतीन. बाईले यायले दीड महिना हाये अजून. तू रडू नको."

दीड महिना! मी झाडांपाशी जाऊन उभी राहिले. फुलं होती, पण फुलाची मिरची कधी होणार आणि ती लाल कधी होणार? घाई करायला हवी होती. आणि घाईचं औषध गोठ्याच्या कोपऱ्यात अर्ध्या पोत्यात पडलेलं होतं. युरिया. धानावर टाकला की चार दिवसांत शेत काळंभोर होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी झाडांची पानं खाली वळली. पाचव्या दिवशी तपकिरी झाली. सातव्या दिवशी हे बाडीत आले आणि एका झाडाला हात लावला तर काडी मोडली.

"किती टाकला होता?"

"मूठ मूठ."

"एका झाडाले?"

"तुम्ही धानाला पोत्यानं टाकता तेव्हा मी काही बोलते का?"

"अवो, धान दोन एकर हाये!"

त्याच दुपारी गावातल्या एसटीडीवर मुलचेऱ्याहून फोन आला. मला बोलावणं आलं म्हणून धावत गेले. पलीकडे नंदोई, म्हणजे नणदेचे यजमान.

"मुलगी झाली! दोघीबी बऱ्या हायेत. अन् बाईनं सांगतलं हाये, चिंधीच्या मिरच्या पिकल्या असतीन तं तोडजो, सावलीत वाळवजो, बी काढून राखंत ठेवजो. ऐकू आलं नं?"

ऐकू आलं. मी तिथेच रिसीव्हर हातात धरून रडायला लागले. बूथवाल्याला वाटलं, यांना मुलगा हवा होता. त्यानं माझी समजूत घातली. मुलगी लक्ष्मी असते, पहिली बेटी धनाची पेटी, हे सगळं त्यानं मला सांगितलं आणि प्यायला पाणी दिलं. मी मान हलवत घरी आले.

मग मला दह्यातल्या मिरच्या आठवल्या. गेल्या वर्षीच्या डब्यात तळाला अकरा उरल्या होत्या. मिरच्या त्याच, बियाही त्याच! मी एकेक मिरची फोडून बिया काढल्या, तीनदा धुतल्या, वाळवल्या, शेणखत घालून कुंडीत पेरल्या. ह्यांनी विचारलं, "मिठातलं बी उगवते का वो?" मी म्हटलं, "श्रद्धा ठेवा." रोज सकाळी पाणी, दुपारी सावली, रात्री गोणपाटाचं पांघरूण. बाराव्या दिवशी एक हिरवा कोंब वर आला. मी त्याला हळद-कुंकू वाहिलं! दिवसभर गुणगुणत होते. पंधरवड्यात रोप चांगलं वीतभर झालं आणि गिरजाबाईंची मान आली.

"हे काय लावलं वो कुंडीत?"

"मिरची. बाईंचीच."

"हा तरोटा हाये."

तरोटा! जो आमच्याकडे रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, शाळेच्या छपरावर, कुठेही न लावता उगवतो. मी त्याला पंधरा दिवस गाईचं दूध घातलेलं पाणी दिलं होतं.

बाई संक्रांतीला यायच्या होत्या. हातात आठवडा होता. आता एकच मार्ग उरला, पापाचा. हे वडशाच्या बाजाराला निघाले. जाताना मी बजावलं, "नुसतं बघून आणू नका. खाऊन बघा. अगदी बाईंच्या मिरचीसारखी, मध्यम."

बाजारात सिरोंच्याकडचा एक मिरचीवाला बसला होता. वाळून सुरकुतलेल्या लाल मिरच्या, बोटभर लांब. वाळल्यावर कुठलीही मिरची कुठल्याही मिरचीची बहीण दिसते. तो म्हणाला, "मिडियम, भाऊ, एकदम मिडियम. खा के देखो." ह्यांनी एक उचलली, चावून पाहिली, आणि काय आश्चर्य! गोडसर! चटकासुद्धा नाही. पावभर घेऊन विजयी मुद्रेनं घरी आले. आम्ही बिया काढल्या, राखेत कालवल्या, पुरचुंडी बांधून चुलीवरच्या खुंटीला टांगली. जळालेली झाडं उपटली आणि त्या जागी सांबार पेरला. (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. गुन्ह्यावर टाकायला याहून चांगली हिरवळ नाही.)

बाई आल्या. पिशवीसुद्धा न ठेवता बाडीत गेल्या.

"झाडं कुठी गेली?"

"रोग आला, बाई," हे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मीच दचकले.

"सातबी?"

"सातबी."

बाई थोडा वेळ सांबाराकडे पाहत राहिल्या. मग घरात आल्या, पुरचुंडी काढली, सोडली, चिमूटभर बी तळहातावर घेतलं. आणि एकदम त्यांचा चेहराच सैल झाला. त्या भिंतीला टेकून बसल्या.

"जाऊ दे. झाडं गेली तं गेली. हे राह्यलं नं," त्या म्हणाल्या. "सुनंदा, माह्या मायचा फोटो नाई कुठी. लग्नात तिनं ओटीत हे बेणं बांधून देल्लं अन् दुसऱ्या साली ते गेली. तिच्या हातचं एवढंच हाये माह्यापाशी. दरसाल हे मिरची तोंडात टाकली का मले वाटते, माय आत्ताच चुलीपासून उठून गेली. तू सांभाळलं, तेवढंच मले लगित झालं."

मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं. तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं ते असं:

"चहा टाकू का, बाई?"

पुढचे सहा महिने माझं वजन उतरत गेलं. माहेरचे लोक येऊन विचारायला लागले, सासुरवास आहे का? सासू इतकी चांगली की भाकरीवर तूप घालायची, तो तुपाचा घासच घशाखाली उतरत नव्हता. मृगात बाईंनी हात जोडून बी पेरलं. बी उगवू नये म्हणून मी देवापुढे दिवा लावला. सगळ्या गावात त्या दिवसांत असा दिवा लावणारी मी एकटीच असेन. सगळंच्या सगळं उगवलं!

झाडं वाढली, फुलली, आणि मिरच्या धरल्या. आणि पहिल्याच दिवशी मला फरक दिसला. बाईंच्या मिरच्या माना खाली घालून लटकायच्या. ह्या मिरच्या आभाळाकडे तोंड करून उभ्या! बारीक, टोकदार, एकजात वर बघणाऱ्या. मी दोरा घेतला, बारीक बारीक खडे घेतले, आणि बाई शेतात गेल्या की एकेका मिरचीला खडा बांधून तिला खाली वळवायला लागले. चाळीस मिरच्यांना चाळीस खडे.

"नवस बोल्ली का वो झाडाले?" कुंपणावरून गिरजाबाई.

रात्रीतून खडे गळून पडत आणि सकाळी मिरच्या पुन्हा ताठ. शेवटी बाईंच्या नजरेला आलंच. त्या झाडांपाशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

"यंदा पानी जास्त झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हनून बारीक राह्यली असन. अन् ऊन कमी, म्हनून वरते पाहून राह्यली बिचारी."

थाप आम्ही मारली होती आणि समजूत त्या स्वतःची घालत होत्या. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

एके दुपारी आम्ही नवरा-बायकोनं गोठ्यामागे लपून एक मिरची अर्धी-अर्धी खाल्ली. एकदा कळू तरी दे, म्हणून. देठाकडचा अर्धा भाग ह्यांच्या वाट्याला आला. त्यांनी तो चावला, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ चालत जाऊन रांजणात तोंड घातलं. खूप वेळानं बाहेर काढलं.

"बाजारात गोड लागली होती वो! आईशपथ!"

"बाजारात कुठून खाल्ली होती?"

"टोकाकडून."

मिरचीचा सगळा जाळ देठाकडे बियांच्या गाभ्यात असतो आणि टोक बिचारं निरुपद्रवी असतं, हे जन्मभर मिरची खाणाऱ्या माणसाला ऐन वेळी आठवलं नव्हतं!

बाईंचा एक रिवाज होता. मंडईच्या पाहुण्याला पहिली मिरची वाढल्याशिवाय त्या स्वतः चाखत नसत. त्यामुळे आमच्या हातात मंडईपर्यंतचे दिवस होते आणि ते आम्ही कुजत कुजत काढले. मी ह्यांना म्हणे, तुम्ही सांगा. हे म्हणत, तुह्या हातून झालं, तू सांग. मी म्हणे, टोक कुणी खाल्लं? भांडण तिथेच संपायचं.

मंडई आली. नाटक कंपनीतले कलावंत दुपारच्या जेवणाला गावातल्या घरांत वाटून देतात. त्या वर्षी आमच्या वाट्याला खुद्द राजा आला! उंचपुरा, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की 'नमस्कार' म्हटलं तर गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. बाईंनी स्वतः पदर खोचून मिरच्या भरल्या. मला हातही लावू दिला नाही. मी वांग्याची भाजी केली, वडे केले, पापड तळले, पानात जागाच उरू नये म्हणून चटणीचे तीन ढीग घातले. बाईंनी ढीग सरकवले आणि मिरची वाढली.

"बाई, मी तिखट नाई खात," राजा म्हणाला. "गळा सांभाळा लागते. राती नाटकात नऊ गाणे हायेत माहे."

"हे तिखट नाई जी," बाई हसून म्हणाल्या. "माह्या मायची हाये. हिच्यानं आजवर कोनाचा गळा बसला नाई."

"राजे, वडा घ्या!" मी ओरडले. "आधी वडा! वड्यावर वडा!"

"काऊन अंगात आल्यासारखी करून राह्यली तू?" बाई माझ्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात त्या भल्या माणसानं म्हातारीचा मान राखायला अख्खी मिरची देठाकडून तोंडात घातली.

त्यानं डोळे मिटले. एक क्षण मला वाटलं, आवडली! मग त्याचे कान लाल झाले. मग मान. मिशा आपोआप थरथरायला लागल्या. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि पानावरून उडी मारून अंगणातल्या विहिरीकडे धावला. हे बादली घेऊन मागे, मी गूळ घेऊन मागे, गिरजाबाई ताक घेऊन कुंपणावरून. तीन बादल्या पाणी, एक तांब्या ताक आणि मूठभर गूळ यांनंतर राजानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही!

कंपनीचा मॅनेजर धावत आला. "बोला राजे, काहीतरी बोला!" राजानं हातानं खूण केली की नाही.

"मेलो!" मॅनेजर मटकन खाली बसला. "आता राजा मुका दाखवा लागन!"

"अन् गाणे?" हे म्हणाले.

"प्रधान म्हनन! राजा नुसता हात हालवन!"

ह्या सगळ्या गोंधळात माझं लक्ष घराच्या दाराकडे गेलं. बाई कढईपाशी उभ्या होत्या. त्यांनी एक मिरची उचलली, तोंडात टाकली आणि हळूहळू चावायला लागल्या. थुंकल्या नाहीत. पाणी घेतलं नाही. शेवटपर्यंत चावली, गिळली.

"हे माह्या मायची नोहोय," त्या म्हणाल्या.

मग मात्र मी सगळं सांगितलं. राजा, मॅनेजर आणि गिरजाबाईंसमोर, एका दमात. चौदा पाहुणे, चूल, युरिया, तरोटा, बाजार. हे मध्येच म्हणाले, "अन् टोक मी खाल्लं होतं, बाई." माझ्या वाट्याचं पाप थोडं आपल्याकडे ओढायला म्हणाले असतील, पण ते कुणालाच कळलं नाही.

"सगळं बी चुलीत टाकलं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"एकबी नाई राह्यली?"

"नाही, बाई."

बाई उंबऱ्यावर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं मिरचीचं किती आणि मायचं किती, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि मोठ्यानं रडले. त्यांनी मला हाकललं नाही, जवळही घेतलं नाही.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काही हवं असलं तर गाईला सांगत. "गाई, तुह्या मालकिनीले सांग, मीठ संपलं." नवव्या दिवशी म्हणाल्या, "चाल, बजाराले." तेव्हापासून कितीतरी वर्षं आम्ही दोघी वडशाला, नागभीडला, जिथे म्हणून बाजार भरेल तिथे, मिरच्यांचे ढीग उपसत फिरलो. जाड सालीची, बोथट टोकाची दिसली की बाई ती माझ्या हातात देत आणि मी देठाकडून चावत असे. दरवेळी बाई माझ्या तोंडाकडे बघत. दरवेळी मी मान हलवत असे, नाही म्हणून. ती मिरची सापडली नाही. आता बाईही नाहीत, आणि दरसाल कुणाला मायची आठवण यावी असं त्या बाडीत काही उगवत नाही.

उगवते ती दुसरी. राजाचा आवाज बसवणारी मिरची म्हणून तिचा तीन तालुक्यांत बोभाटा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक बी मागायला दारात! सख्ख्या बहिणीला बी न देणाऱ्या बाईंनी ओंजळी भरभरून वाटलं. "न्या बाप्पा, न्या. माह्या मायचं नोहोय हे. सुनंदाचं हाये." लोकांनी नेलं, पेरलं, आणि तेच नाव ठेवलं. त्यामुळे आमच्या भागात आजही कुणी जेवताना ठसका लागून लालभडक होऊन उठला, की घरातलं माणूस पाण्याचा तांब्या पुढे करतं आणि अगदी सहज विचारतं, "काऊन जी, सुनंदा चावली का?"